दोन आडवे, एक उभा

३ फेब्रुवारी

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. पाकीट बघून मामी म्हणेल, याला आज कशी आठवण झाली. तर आधीच कान पकडतो. आठ महिने झाले, दोन ओळी लिहिल्या नाहीत.

कारण सांगतो. आमच्या रस्ते खात्याला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतायत. त्यानिमित्त खात्याचा इतिहास छापायचाय आणि सीमेवरच्या रस्त्यांचं प्रकरण माझ्या वाट्याला आलंय. कचेरीत कागद ढीगभर आहेत. कुठली मोरी कधी मंजूर झाली, कुठल्या साहेबाने कधी पाहणी केली, सगळं सापडतं. पण रस्ता हातांनी कोणी राखला, यावर एक ओळ नाही. खिंडीच्या रस्त्याच्या फायलींत चाळीस वर्षांत तुमचा उल्लेख एकदाच आलाय, तोही फावडं हरवल्याबद्दल.

मला ते बरं वाटलं नाही. आई गेल्यावर तुम्ही मला उचलून आणलंत, मी त्या रस्त्यावरच वाढलो. म्हणून हट्ट करतोय. आठवेल ते सगळं लिहून पाठवा. जसं बोलता तसंच लिहा, शुद्धलेखनाचं मी बघतो. पुस्तकात तुमचं नाव येईल, मामा. तुमचंच नाही, टोळीतल्या प्रत्येकाचं.

तुमचा,
फूटपट्टी


१९ फेब्रुवारी

चि. फूटपट्टीस,

आशीर्वाद तुला नेहमीचेच. फावडं हरवलं नव्हतं. दरडीखाली गेलं होतं आणि तसं मी त्याच दिवशी लिहून दिलं होतं. पुस्तकात पहिल्यांदा तेवढं दुरुस्त करून घे.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. मग मी पुन्हा स्वतः वाचलं. मग ती म्हणाली, आता पाठ झालं असेल तर जेवायला बसा. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. खात्यातून निवृत्त होताना मला एक घड्याळ दिलं, तेही मागे पडतं. त्यानंतर कोणी विचारायला आलं नाही, की बाबा रे, इतकी वर्षं तू त्या डोंगरात करत काय होतास.

तर ऐक. तिथे आधी रस्ता नव्हता, खेचरांची वाट होती. इकडून मीठ जायचं, पलीकडच्या देशातून लोकर यायची. मग कुठल्याशा लढाईत तोफा वर चढवायच्या म्हणून साहेब लोकांनी ती वाट दोन वर्षांत रुंद केली. लढाई मिटली, साहेब गेले आणि रस्ता दहा वर्षं पाऊस खात पडून राहिला. रस्ता बांधणारे नेहमी घाईत असतात. त्यांच्या नावाची पाटी लागते. मागून आमच्यासारखे येतात आणि गटारं उपसत बसतात.

मी लागलो तेव्हा एक्केचाळीस मैल होते. एक्केचाळिसावा दगड बरोबर खिंडीत. तेहतीसपासून पुढचे आठ मैल आमच्या टोळीचे. माणसं एकोणीस. खडी हाताने फोडायची. म्हातारा मुकादम लोखंडी कडी घेऊन फिरायचा आणि जी खडी कडीतून पार होणार नाही ती आमच्या पायावर फेकायचा. दगडी रोलर बारा जणांनी दोराने ओढायचा. पुढे डांबर आलं, तेव्हा आमच्या चपला रस्त्याला चिकटून राहायला लागल्या. आता टोळ्याच बंद केल्यात. ठेकेदाराचं यंत्र वर्षातून एकदा येतं, गटारातली माती रस्त्यावर आणि रस्त्यावरची गटारात करून जातं.

शहरातल्या लोकांना वाटतं गाड्यांनी रस्ता बिघडतो. रस्ता बिघडतो पाण्याने. आम्ही पाऊस सुरू झाला की रस्त्यावर पळायचो, लोक घरात पळतात तेव्हा. हातात कुदळ आणि डोक्यावर पोतं. कुठे पाणी तुंबतंय ते पावसातच दिसतं, उन्हात सगळे रस्ते चांगले.

पलीकडच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. तुला आठवत असेल, खिंडीपलीकडच्या टोळीचा मुकादम. तो मला अलीकडचा म्हणायचा, मी त्याला पलीकडचा. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांना नावाने हाक मारली नाही. तुला त्याने पहिल्यांदा मोजपट्टी दिली होती आणि तू त्याच्या बायकोची वेणी मोजली होतीस, त्यावरून तुझं हे नाव पडलं. त्यांची वाडी खिंडीपासून अर्धा मैल खाली. चौदा घरं आणि त्यांच्या डोक्यावर एकच झरा. पावसात त्यांचा खालचा पूल वाहून जायचा आणि त्यांच्या टोळीची बाकी माणसं खालीच अडकायची. मग खिंडीपासून झऱ्यापर्यंतचा त्यांचा अर्धा मैल आम्हीच राखायचो. बदल्यात तो आम्हाला काळा दगड द्यायचा. आपल्या बाजूला सगळा तांबडा दगड, हातात घेतला तर भुगा. आपल्या रस्त्याला जो काही टणकपणा आहे तो त्याच्या खाणीतला.

माणूस लाखाचा. त्याची टोळी मात्र विचारू नकोस. त्यांना उभा दगड लावायला दिला असता तर त्याला टेकून झोपले असते. आम्ही नसतो तर तो अर्धा मैल केव्हाच दरीत गेला असता.

पुरे झालं. हात दुखला. अजून पाहिजे असेल तर सांग, मला काय, दिवसभर मोकळाच आहे.

मामा


६ मार्च

मामा,

तुमचं पत्र मी कचेरीत मोठ्याने वाचलं. चपला चिकटल्या तिथे सगळे हसले. मोठे साहेब स्वतः उठून आले आणि म्हणाले, हे सोनं आहे.

खिंडीपलीकडच्या अर्ध्या मैलाचा भाग त्यांना फार आवडला. त्याबद्दल जरा नेमकं लिहाल का? कुठल्या दगडापासून कुठवर तुमच्या टोळीने काम केलं, किती वर्षं, मध्ये खंड पडला का. त्या वेळी हजर असलेले आज कोण कोण हयात आहेत. आणि तुमच्या टोळीचं काम ओळखायची काही खूण आहे का? म्हणजे आज कोणी तिथे जाऊन उभं राहिलं, तर त्याला दिसेल का की हे तुमच्याच हातचं आहे?

इतिहास म्हटला की नेमकेपणा लागतो, इतकंच.

फूटपट्टी


२८ मार्च

चि. फूटपट्टीस,

तुझे प्रश्न वाचून मामी म्हणाली, इतिहासाला हजर माणसं कशाला लागतात, ती तर कोर्टाला लागतात. मी तिला म्हटलं, पोरगं लहानपणापासून मोजूनमापून चालणारं आहे, तू गप्प बस. ती गप्प बसली नाही, पण ते जाऊ दे.

खूण आहे. आणि ती विचारणारा तू पहिलाच, म्हणून सांगतो. रस्त्याच्या कडेला दगड लावतात ते कुठलीही टोळी आडवे लावते, एकामागून एक. सपाटीवर चालतं. डोंगरात एक सरकला की सगळी रांग सरकते. म्हाताऱ्या मुकादमाने आम्हाला शिकवलं, दोन आडवे, एक उभा. उभा म्हणजे हातभर खोल, निमुळतं टोक वर, जाड बूड खाली. वरून बघशील तर नखाएवढा दिसतो. आमच्या आठ मैलांत आणि त्या अर्ध्या मैलात तसंच आहे, दुसरीकडे कुठे नाही. एक्केचाळिसाव्या दगडापासून झऱ्यापर्यंत, तेवीस वर्षं, एकही पावसाळा चुकला नाही. पहारीने उकरून बघ, आमची सही सापडेल.

नावं शेवटी वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. एकोणिसांतले चौघे उरलोय. त्यात बासरी आहे बघ, तो बासरी वाजवायचा नाही, झोपेत त्याचं नाक तसं वाजायचं. आणि गेलेल्यांत लंगड्या. लंगड्याचं नाव जरा मोठ्या अक्षरात छाप. तो त्या अर्ध्या मैलातच गेला, झऱ्याच्या वरच्या वळणावर. दरड आली तेव्हा मी हाक मारली, सगळे पळाले, त्याला पळता आलं नाही. आम्ही हातांनी माती उपसत होतो, तेवढ्यात पलीकडचा खालून वाडीतून धावत आला. त्यानेच त्याला बाहेर काढलं. आणि त्याला पाठीवर घेऊन, भर पावसात, अर्धा मैल चढून खिंडीपर्यंत आणलं. मी म्हटलं, दे आता माझ्याकडे. तर म्हणाला, माझ्या रस्त्यावर गेलाय, माझ्या हद्दीपर्यंत मीच आणणार. एक्केचाळिसाव्या दगडापाशी त्याने त्याला माझ्या पाठीवर दिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही निम्मंच.

हे अवश्य छाप. बाकीचं गाळलंस तरी चालेल.

मामा


९ एप्रिल

मामा,

पत्र आणि नावांची यादी पोचली. आभार तरी किती मानू. फक्त एक विनंती, पुस्तक येईपर्यंत हे कोणाजवळ बोलू नका. पलीकडे तर नकोच. छापायच्या आधी बाहेर फुटलेलं साहेबांना चालत नाही.

घाईत आहे. मामीला सांगा, मला बढती मिळाली.

फूटपट्टी


२ जुलै

चि. फूटपट्टीस,

बढतीचा आनंद आहे. मामीने शेजारच्या सगळ्यांना सांगितलं.

आता माझं ऐक. गेल्या महिन्यात तुमच्या खात्याचे सहा जण आले. दुर्बिणी, फीत, कॅमेरा. बरोबर दोन शिपाई बंदुकीवाले. इकडे न थांबता सरळ खिंड ओलांडून गेले. मी मागून गेलो, म्हटलं इतिहासवाले असतील, चार गोष्टी दाखवू. तर एक जण पहारीने कडेचे दगड उकरत होता आणि दुसरा मोजत होता, आडवा, आडवा, उभा. प्रत्येक उभ्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला. मी म्हटलं, साहेब, हळू, ते सैल झाले तर पावसात राहणार नाहीत. तो म्हणाला, आजोबा, बाजूला व्हा.

वाडीतली माणसं झऱ्यापाशी उभी राहून बघत होती. पलीकडचाही होता. मी हात वर केला. त्याने केला नाही. मला वाटलं दिसलं नसेल, त्याला मोतीबिंदू आहे. परवा मी त्याच्या घरी गेलो, तर वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, ते घरी नाहीत. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता.

हे काय चाललंय ते मला कळव. ताबडतोब कळव. पुस्तकासाठी बंदुका कशाला लागतात?

मामा


२० जुलै

मामा,

उशीर झाला, माफ करा. सगळं पत्रात लिहिण्यासारखं नाही. दोन्ही सरकारांमध्ये हद्दीची बोलणी चालू आहेत आणि त्यात खिंडीचा प्रश्न आला आहे. खात्याकडे असलेली माहिती खात्याला द्यावीच लागते, त्यात माझ्या हातात काही नव्हतं. सोबत दोन्ही सरकारांनी नेमलेल्या हद्द मंडळाची नोटीस आणि कागदपत्रांची प्रत पाठवत आहे. सुनावणी २१ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता, जिल्ह्याच्या कचेरीत. तुम्हाला बोलावलं आहे. घाबरण्यासारखं काही नाही. जे पत्रात लिहिलंत तेच तिथे सांगायचं.

गाडीची सोय केली आहे.

फूटपट्टी


२९ जुलै

चि. फूटपट्टी,

मी मामी लिहितेय. तुझे मामा तीन दिवस कागदाला हात लावत नाहीत.

ते कागद मीच वाचून दाखवले, कारण अक्षर बारीक होतं. आता मला वाटतं मी आंधळी असते तर बरं झालं असतं. तुमच्या जुन्या करारात एक ओळ आहे म्हणे, की खिंडीच्या आसपास ज्या बाजूची माणसं रस्ता राखतील तिथवर त्या बाजूची हद्द. ही ओळ तुला फेब्रुवारीत माहीत होती का रे? खोटं सांगू नकोस, मी तुझं नाक पुसलेलं आहे. माहीत होती. म्हणून तर विचारलंस, खंड पडला का, आणि हजर कोण होतं.

म्हणजे झरा आपला होणार. तिथे सपाट जागा आहे, तुम्हाला ट्रकांसाठी नाका बांधायचाय, तेही त्यात लिहिलंय. आणि खालच्या चौदा घरांनी काय प्यायचं, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही.

पण तुझ्या मामांना लागलंय ते दुसरंच. पुरावा सात म्हणून त्यांची पत्रं छापलीत. टोळीच्या झोपेची ती थट्टा आहे. आम्ही नसतो तर अर्धा मैल दरीत गेला असता, ते आहे. खूण आहे, तेवीस वर्षं आहेत. आणि लंगड्याला पाठीवरून आणलं, तो सगळा मजकूर नाही. तिथे नुसती तीन टिंबं आहेत. मी पानं उलटीपालटी करून शोधलं. थट्टा ठेवलीस आणि पाठ गाळलीस.

ही प्रत पलीकडेही गेली असणार. वहिनींची सून शिकलेली आहे, तिने घरात मोठ्याने वाचली असेल.

मामी


५ ऑगस्ट

मामी,

हो, माहीत होती. साहेबांनी सांगितलं होतं, काहीतरी मिळालं तर बघ. मला वाटलं नव्हतं मामा एवढं नेमकं लिहितील. आणि ते लिहून आल्यावर मी ते दाबून ठेवलं असतं, तर दुसऱ्या कोणी काढलंच असतं.

गाळलेला मजकूर मी गाळला. वकिलांनी सांगितलं, त्यात त्या माणसाच्या तोंडी 'माझा रस्ता, माझी हद्द' असे शब्द आहेत, ते आपल्या विरुद्ध जातात. मला झोप लागली नाही, हे तू मानणार नाहीस.

मामांना सांग, फक्त खरं बोला. ते कधी खोटं बोलले नाहीत, मंडळालाही ते कळेल.


३० ऑगस्ट

फूटपट्टी,

सुनावणीला तू तिसऱ्या रांगेत होतास. मी तुझ्याकडे बघितलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. तिथे जे झालं ते तुला माहीत आहे, पण मी असं का केलं ते तुला माझ्याकडून कळावं.

अध्यक्षांनी विचारलं, हे दगड तुमच्या टोळीने लावले का. मी म्हटलं, नाही साहेब. म्हटलं, भाचा शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याने पहिल्यांदाच काही विचारलं, म्हणून मी फुशारकी मारली. आमची टोळी खिंडीपलीकडे कधी गेलीच नाही. ते विचारतात, मग ही खूण? मी म्हटलं, ती त्यांच्या मुकादमाची आहे, मी त्याच्याकडून चोरली. पटत नसेल तर दगड बघा. काळा आहे. आमच्या बाजूला काळा दगड निघतच नाही. दुसऱ्याच्या खाणीतून दगड काढून दुसऱ्याच्याच रस्त्याला कोण लावत बसेल?

लोक हसले. तुझे वकील लाल झाले. एक साहेब शेजारच्याला म्हणाला, म्हातारा बडबड्या दिसतो. मला ते ऐकू आलं. आयुष्यभर मी कोणापुढे वाकडं बोललो नाही रे, आणि आपल्या हातचं काम नाकारायची माझ्यावर पाळी आली. म्हाताऱ्या मुकादमाची शिकवण मी चोरीची म्हणून सांगितली. पण अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं, म्हणाले, चार दिवसांनी आम्ही जागेवर येऊन दगडाचा रंग बघू, तसं असेल तर हा दावा टिकत नाही. मी पायऱ्या उतरलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. म्हटलं, झरा राहिला.

मला एकच करायचं राहिलं. पलीकडे निरोप द्यायचा. पण नोटिशीनंतर खिंडीत शिपाई बसवलेत, ते कोणाला जाऊ देईनात. मी म्हटलं, चार दिवसांनी मंडळच येतंय, त्यांच्यादेखतच त्याला कळेल.

चार दिवसांनी आम्ही वर गेलो. एक्केचाळिसाव्या दगडापाशी मोटारी थांबल्या. आपल्या बाजूला, दगडाला लागून, कमरेएवढा ढीग होता. काळे दगड. नीट रचलेले, उभे एका बाजूला, आडवे एका बाजूला. कित्येकांवर पांढरे आकडे तसेच. पलीकडे बघितलं तर झऱ्यापर्यंत रस्त्याची कड उकरलेली, जबड्यातले दात काढावेत तशी. वाडीतल्या बायामाणसांनी तीन दिवस खपून एकूण एक दगड काढला होता आणि चढावरून वाहून आणून आमच्या हद्दीत टाकला होता. शिपायांना हुकूम माणसं अडवायचा होता, दगड नव्हे.

तो तिथे उभा होता. हातात पहार. अध्यक्षांनी दुभाष्याकरवी विचारलं, हे काय. तर त्याने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, त्याचं काम आहे, त्याने घेऊन जावं. आमच्या रस्त्यावर त्याचा एक दगड नको.

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग ढिगाकडे बघितलं. म्हणाले, स्वतःचे दगड कोणी दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकत नाही. आणि लिहून घेतलं.

मी ओरडलो, अरे मी नाही म्हणून सांगितलंय, तू का हो म्हणतोस. आपल्या भाषेत ओरडलो. त्याला आपली भाषा समजते. त्याला कळलं. त्याचा चेहरा मी बघितला, कळल्याचं दिसलं. पण तोवर वही मिटली होती.

तो पहार खांद्यावर टाकून उतरून गेला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला असता तर आम्ही वाचलो असतो. आणि त्याने का ठेवावा, हे मला सांग.

मामा


१४ नोव्हेंबर

मामा,

निकालाचं तुम्हाला कळलंच असेल. मी त्याबद्दल काही लिहीत नाही.

पुस्तक निघालं. पहिली प्रत सोबत पाठवली आहे. पान एकशे बारावर तुमचा फोटो आहे, टोळीच्या खोपटासमोरचा. एकोणीसच्या एकोणीस नावं आली आहेत, लंगड्याचं ठळक अक्षरात. एवढं मी भांडून करून घेतलं.

अजून एक. नव्या हद्दीपर्यंत कडेचे दगड पुन्हा लावायचे आहेत. खात्याची इच्छा आहे की पहिला दगड तुमच्या हातून लागावा, त्याच जुन्या पद्धतीने. छोटा समारंभ असेल. मीही येईन. मामा, मला एकदा भेटू द्या.

फूटपट्टी


९ डिसेंबर

फूटपट्टी,

पुस्तक पोचलं. पान एकशे बारा बघितलं. एकोणीस नावं आहेत हे खरं, पण त्यांच्या वर काय छापलंय ते तू वाचलंस का? 'खिंडीपलीकडील ताबा सिद्ध करणारे कामगार.' बासरीने उभ्या जन्मात कशाचा ताबा घेतला नाही, त्याला स्वतःची सतरंजी कधी मिळाली नाही. ती नावं मी तुला काम केलेल्या माणसांची म्हणून दिली होती. फावड्याचं मात्र दुरुस्त केलंत, त्याबद्दल आभार.

पहिला दगड मी लावणार नाही. दुसरा कोणी लावेल तर त्याला सांग, जाड बूड खाली, नाहीतर पहिल्याच पावसात उपटेल. समारंभाला तू ये किंवा येऊ नकोस. घर तुझ्या मामीचंही आहे, ती दार उघडेल. मी त्या दिवशी नसेन.

मी रोज सकाळी खिंड चढून झऱ्यावर जातो. तिथे आता तारेचं कुंपण आहे. झरा अलीकडे, घरं पलीकडे. शिपाई दोन तास डोळेझाक करतात. वाडीतल्या बाया तारेखालून हंडे सरकवतात, मी भरून परत सरकवतो. हंडे पूर्ण भरता येत नाहीत, तारेखाली सांडतात. गुडघे दुखतात, पण गटारं उपसण्यापेक्षा बरं. कोणी माझ्याशी बोलत नाही.

तेरा घरांचे हंडे येतात. चौदावं घर पलीकडच्याचं, त्याचा येत नाही. त्यांची सून रोज तीन मैल खाली नदीवर जाते, मला वरून दिसते. परवा मी एक हंडा आमच्या घरचा नेला, भरला आणि त्यांच्या बाजूला सरकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी गेलो तर तो माझ्या बाजूला परत ठेवलेला होता. भरलेलाच. एक थेंब कमी नव्हता.

मामी म्हणते, लिहीत राहा, पोरगं शेवटी आपलंच आहे. म्हणून हे एवढं लिहिलं. पण यापुढे तू मला लिहू नकोस. रागाने म्हणत नाही. राग होता, आता गुडघे जास्त दुखतात. तू विचारलंस ना, की मामा, आता कसं चाललंय, तर मी बसेन आणि तुला सगळं सांगेन. कुंपणाला कुठे फट आहे, कुठला शिपाई चांगला आहे, तो किती वाजता पाठ फिरवतो. तू गोड विचारतोस आणि मला सांगायची सवय आहे.

मामा